धोंड्याच्या वाणातला मॉनिटर

मुखेड

प्रिय तनू,

तुम्ही दोघं गेलात आणि घर एकदम रिकामं झालं. अनारशांचा डबा अजून अर्धा शिल्लक आहे. लेकीला द्यायचा राहिला म्हणून तुझी आई रोज हळहळते, डबा उघडते, एक अनारसा स्वतः खाते आणि झाकण लावते. असंच चाललं तर तुझ्यापर्यंत डबाच पोचेल. ऊन अजून हटत नाही. कूलरमध्ये पाणी भरायचं काम माझ्याकडे आहे आणि पाणी संपलं की दोषही माझ्याकडेच येतो. काका रानातच असतो, पेरणीआधीची सगळी कामं त्यानंच उरकली. मी दुकान सोडल्यापासून मला रानात ने म्हणतो, तर तो म्हणतो, "दादा, तुम्ही पातळं दाखवलेली माणसं, ढेकळं कशाला तुडवता." आपण शेतकऱ्याच्या पोटी जन्मून कापडाच्या दुकानात जन्म काढला, आता तक्रार कोणाकडे करायची.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहितोय. आपल्या घरचा फोन म्हणजे चावडी झाली आहे. तुझी आई तो कायम मोठ्या आवाजावर ठेवते आणि समोरच्या ओसरीवरून पंचशीलाबाई मधूनमधून उत्तरं देतात. शेजारची उज्वला क्लाससाठी उद्या लातूरला परत चालली आहे, तिच्या हाती हे पाठवतो.

सोमवारी तुझी आई तुमच्याकडे येतेय. तुला तिनं अनारसे पोचवायला येते असं सांगितलंय. अनारसे हे निमित्त. तिला तुझ्या सासूबाईंशी, शांतम्मांशी बोलायचंय. जावई नोकरीवरून आले की खेळात बुडतात, त्यांना वेळीच आवरा, असं ती विहिणीला समोर बसून सांगणार आहे. मी दोनदा आडवा आलो. पण तुझी आई एकदा पिशवी भरायला लागली की तिला अडवणारा माणूस मुखेड तालुक्यात जन्मलेला नाही.

हे सगळं सुरू झालं ते धोंड्याच्या आवतणापासून. तुमच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना, म्हणून मीच फोन करून अमरेशरावांना विचारलं, अंगठी घ्यायची की कपडे. जावयानं आधी नको नको म्हणायचं आणि सासऱ्यानं आग्रह करायचा, हा रिवाज आम्ही दोघांनी नीट पाळला. मग ते अडखळत म्हणाले, "मामा, एक मॉनिटर चालंल का? गेम खेळायचा." फोन अर्थातच मोठ्या आवाजावर. तुझ्या आईच्या हातातली पळी तिथंच थांबली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "झेडपीत हायत का अंगणवाडीत? लग्न झालेला बाप्या गेम खेळून राहिला, अन् माझ्या लेकीनं काय त्याच्या तोंडाकडं बघत बसावं का?" त्या दिवसापासून तिच्या डोक्यात हे बसलं. तिच्या बहिणींनाही फोन गेले. तुझ्या मुदखेडच्या मावशीनं तर जावयाला दृष्ट लागली असं निदानही करून टाकलं.

मी मात्र कामाला लागलो. वाण द्यायचं ते पारखून द्यावं, म्हणून एकटाच नांदेडला जाऊन एक फेरी मारून आलो. शिवाजीनगरकडे भुजंग नावाच्या माणसाचं दुकान आहे, भला माणूस आहे. मी धोतरातला म्हातारा गेमचा मॉनिटर मागतोय म्हटल्यावर तो हसला नाही, हेच मला पुष्कळ. त्यानं एकेक पडदा लावून दाखवला. टीएन म्हणून एक असतो, तो चपळ आणि स्वस्त, पण जरा बाजूला सरकलं की रंग उडतात. व्हीए म्हणून दुसरा, त्यातला अंधार दाट, पण अंधारात काही पळालं की मागे काजळी पुसल्यासारखा पट्टा ओढला जातो. आयपीएस कुठूनही बघा, रंग तोच, फक्त त्याचा काळा रंग थोडा धुतलेला वाटतो. आणि ओएलईडी, त्यात प्रत्येक ठिपका आपापला उजेड देतो आणि काळं दाखवायचं असलं की चक्क विझतो. ते बघून मी खुळ्यासारखा उभाच राहिलो. आयुष्यभर गिऱ्हाईकाला काळी चंद्रकळा दाखवली, पण असं काळं मी पाहिलं नव्हतं. मात्र त्यावर एकच चित्र फार वेळ राहिलं तर त्याचा वण उमटू शकतो, हेही भुजंगनं लपवलं नाही. शिवाय त्याची किंमत ऐकून मीच विझलो.

घरी येऊन मी हे कौतुकानं सांगायला बसलो तर तुझ्या आईनं एकच शब्द पकडला. "धोंड्यात जावयाला काळं देतेत का?" पडदा काळा, चौकट काळी, पाय काळे, आणि वर मी काळ्यातलं काळं कसं चांगलं ते सांगत होतो. लक्ष्मीनारायणाच्या जोडीला काळी वस्तू वाणात द्यायची नाही, असा तिचा निकाल झाला. भुजंगला फोन करून विचारलं तर पांढऱ्या अंगाचा त्याच्याकडे एकच होता, आणि तो नेमका व्हीए. मी म्हटलं ठीक आहे, जावयाला काय कळतंय. कापडाच्या दुकानात निम्मी गिऱ्हाइकं काठ बघून पातळ घेतात, पोत कोणी बघत नाही.

मग तुम्ही आलात. जेवणाच्या आदल्या दिवशी तू आईजवळ पुरण वाटत बसलीस आणि आम्ही दोघं नांदेडला गेलो. भुजंगनं पांढरा मॉनिटर लावला, त्यावर गाड्यांचा खेळ सुरू केला आणि अमरेशरावांना खुर्ची दिली. तनू, तुझ्या नवऱ्यानं ती गाडी सुरू होताच भिंतीवर घातली. मागे घेतली आणि पुन्हा त्याच भिंतीवर घातली. भुजंगनं विचारलं, सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं पुरतील का त्याहून जास्त हवीत, तर हा माणूस माझ्याकडे बघायला लागला, जणू मीच रोज खेळतो. मला वाटलं, माझ्यासमोर लाजत असतील. पण एक गोष्ट मात्र ते मन लावून करत होते. भुजंगनं बाकीचेही पडदे लावून दाखवले, तर दर पडद्यापाशी खुर्चीतून उठायचे, डावीकडे हातभर लांब जाऊन उभे राहायचे आणि तिथून बघायचे. खेळणारा माणूस पडद्याच्या समोर बसतो, बाजूला जाऊन कशाला बघतोय, ते मला काही केल्या उमजेना.

मग ते फोन घेऊन बाहेर गेले. परत आले ते पाठांतर करून आल्यासारखे. व्हीए नको, रात्रीच्या जंगलात माणूस पळाला की डाग ओढला जातो, आयपीएसच द्या, एकशे पासष्टचा असेल तर बघा, आणि पायाची उंची वरखाली होते ना, कारण टेबल बुटकं आहे. एका दमात बोलले. भुजंग म्हणाला, आता कसं गेमवाल्यासारखं बोललात. तोवर खेळणारं दुसरंच कोणी आहे हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर तुझी आई म्हणाली की पुरण तसंच टाकून पोरगी फोन घेऊन परसात पळाली होती, तेव्हा फोनवर कोण होतं तेही पक्कं झालं.

पण त्याआधी, नांदेडहून परत निघताना बसस्टँडबाहेर रसाच्या गाडीवर मी सरळ विचारलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "मामा, खेळती ती. म्या नुसता बाजूला बसून बघतो. आठ पोरींची टोळी हाय, पार नागपूरच्या अन् हुबळीच्या पोरी हायत, अन् समद्या तनूच्या हुकमावर पळतेत. क्लासवर दिवसभर शिकवून येती, घरचं करती, मंग खोलीचं दार लावून तासभर खेळती. लई हुशार खेळती. जुन्या पडद्यावर मला बाजूनं धड दिसत न्हाई, तिला मान वाकडी करून मला जागा द्यावी लागती." आणि मग हळूच, "तिनं मागितलं असतं तर मामी काय म्हणल्या असत्या? धोंड्याला जावयाला मिळतंय. म्हणून माझं नाव सांगितलं. आमच्या आईलाबी तेच सांगितलंय. तुम्ही बोलू नका." मी शब्द दिला. खरं सांगू का, त्या वेळी मला इतकं भरून आलं की मी रसवाल्याला आणखी दोन ग्लास सांगितले आणि तोंड फिरवून ते यायची वाट बघत राहिलो. लेकीला कसला नवरा मिळाला हे लग्नात कळत नाही. मला ते नांदेडच्या स्टँडवर कळलं.

आयपीएस घेतला, काळाच मिळाला. खोकं खाकी होतं, ते आम्ही फोडलंच नाही. तुझ्या आईनं त्यावर हळदकुंकू लावलं, अनारशाच्या ताटाशेजारी ठेवून जावयाला ओवाळलं, आणि तू शेजारी नवी साडी नेसून अशी बसली होतीस की त्या खोक्याशी तुझा काही संबंधच नाही. मी तुझ्याकडे बघत होतो. तू एकदाही खोक्याकडे पाहिलं नाहीस. लहानपणी जत्रेत तुला एखादी वस्तू फार आवडली की तू तिच्याकडे पाठ करून उभी राहायचीस, तशी बसली होतीस. मला वाईट वाटलं, तनू. मागायला माझी लेक लाजली याचं वाटलं. जावयाला अंगठी द्यायची ती देऊच, पण तू म्हणाली असतीस, अण्णा, मला मॉनिटर पाहिजे, तर मी काय नाही म्हटलं असतं?

आता हे सगळं कशासाठी लिहिलं ते सांगतो. तुझ्या आईला मी सांगू शकत नाही, मी जावयाला शब्द दिलाय. आणि मी सांगून उपयोगही नाही. मी जावयाची बाजू घेतो असं ती म्हणेल. सोमवारी ती शांतम्मांसमोर बसून अमरेशरावांना नावं ठेवील, शांतम्मांना ते लागेल, आणि तो माणूस खाली मान घालून हसत ऐकून घेईल. तो ऐकून घेईल याची मला खात्री आहे, म्हणूनच मला झोप लागत नाही. चांगल्या माणसाला सोसायची सवय लागली की घरातले सगळे त्याला सोसू देतात. आपण तसे व्हायचं नाही. आई रागवेल, चार शब्द बोलेल, काळ्या रंगावरूनही बोलेल, ते तू ऐकून घे. तुझ्या वाटणीचे बोल आहेत. शांतम्मांनाही आधी तूच सांग, तुझ्या तोंडानं. सकाळची गाडी अकराच्या सुमाराला लातूरला पोचते. सोमवारी क्लासला सुट्टी घे, मॉनिटर सुरू कर, तुझ्या त्या नागपूर-हुबळीच्या पोरींना बोलावून घे, आणि आई दारात येईल तेव्हा खुर्चीत तू बसलेली दिस.

तुझाच,
अण्णा