बियाण्याची दुसरी जागा

जठारपेठ, अकोला
ज्येष्ठ शुद्ध पक्ष

प्रिय चि. रागिणी हिस अनेक आशीर्वाद.

पत्र हाती पडताच तू घाबरशील, म्हणून आधीच लिहितो की येथे सर्वांची प्रकृती ठीक आहे. फोन असताना पत्र कशासाठी, असेही तुझ्या मनात येईल. मी फोनवर बोलू लागलो की तुझ्या सासूबाई शेजारी येऊन बसतात, आणि मला जे सांगावयाचे आहे ते त्यांच्यासमोर माझ्याच्याने पूर्ण होणार नाही. माझे शिक्षण चौथीपर्यंतच झाले. परंतु पत्र कसे लिहावे हे आमच्या गुरुजींनी तेवढ्यात नीट शिकवले होते.

स्वप्निल अमरावतीहून परतला तेव्हा त्याने तुझा एक प्रश्न मला सांगितला. तू त्याला विचारलेस म्हणे, "मी इथं नसली तर हा डबा कोण सांभाळीन?" आपल्या नितेशचा इतका जवळचा मित्र, संगणकाच्या दुकानाचा मालक, तरी तो प्रश्न त्याने माझ्यापुढे आणून ठेवला. आता त्याचे उत्तर सुचले आहे, ते क्रमाने सांगतो.

नितेशने तो काळा डबा प्रथम घरी आणला तो दिवस तुला आठवत असेल. तुमच्या लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. सर्व्हर हा शब्द तुझ्या सासूबाईंच्या तोंडी बसेना, म्हणून त्या डबा म्हणू लागल्या आणि मग घरात सर्वांनीच तो शब्द धरला. आपल्या चौघांच्या फोनमधील फोटो आपोआप त्यात जाऊन पडत, याचे मला आश्चर्य वाटे. पण मी ते दाखवले नाही. लोक कंपनीला भाडे देऊन तिच्याकडे फोटो ठेवतात, असे नितेशने सांगितले तेव्हा मात्र मी त्याची बाजू घेतली. आपला माल दुसऱ्याच्या गोदामात ठेवणे मला कधीच रुचले नाही.

म्हणूनच त्याने दुसरा डबा तुझ्या माहेरी, अमरावतीस नेऊन ठेवला, तेव्हा मला राग आला. आपल्या घरच्या वस्तू व्याह्यांच्या घरी कशासाठी, असे मी त्याला विचारले. तो हसला आणि म्हणाला, "बाबा, काहून इतके तापून राहिले तुमी? आपलं वांग्याचं बी तुमीच तं आत्याच्या घरी ठेवता नं? तसंच समजा." ते खरेच होते. आपल्या घराची ही जुनी रीत आहे. काटेरी हिरव्या वांग्याचे आपले बियाणे एक घरात, राख लावून वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात ठेवावयाचे. एक शेतातील खोपडीत. आणि घरातील मुलगी लग्न होऊन जाईल तेव्हा एक तुंबा तिच्याबरोबर द्यावयाचा. घर जळो, शेत बुडो, मुलीच्या घरी बियाणे असतेच. माझी बहीण शकुन धामणगाव रेल्वेला दिली, तेव्हा आमच्या वडिलांनी तिच्या हाती असाच तुंबा दिला होता. एका वर्षी आपल्याकडील सारे बी किडले, आणि मी धामणगावला जाऊन तिच्याकडून मूठभर मागून आणले. ही गोष्ट नितेशने लहानपणी माझ्या तोंडून ऐकली होती. तीन प्रती, त्यांतील एक परगावी, असा संगणकाच्या लोकांचाही नियम आहे म्हणे. मी म्हटले, हा नियम माळ्यांनी त्यांना सांगितला असावा.

मग मूर्तिजापूरच्या रस्त्यावर नितेशचे जे झाले ते झाले. त्याविषयी मी लिहीत नाही. तू वर्षभर आमच्याजवळ राहिलीस, नंतर तुझ्या वडिलांनी आणि मी मिळून तुला अमरावतीस पाठवले, तिथे तुला शाळेत नोकरी लागली. तू गेल्यावर सायंकाळचे जेवण झाले की तुझ्या सासूबाई टीव्हीवर तो डबा लावावयास सांगतात. लग्न नाही, सहल नाही, त्या एकच चित्रफीत लावतात. त्यांनी नवा फोन घेतला होता आणि नितेश जेवत असताना त्या त्याचे चित्रण करीत होत्या. तो म्हणतो, "आई, ठेव नं तो फोन खाली. जेवून राहिलो मी." एवढेच. मग चित्रात क्षणभर जमीन आणि नंतर अंधार दिसतो, कारण त्यांनी खरोखरच फोन खाली ठेवला. त्या अंधारात त्याचा चमचा ताटात वाजलेला ऐकू येतो. त्या ते शेवटपर्यंत ऐकतात आणि मग निजावयास जातात.

आता या उन्हाळ्याचे सांगतो. वैशाखात येथे ऊन कसे असते ते तुला माहीत आहे. एके दिवशी पुसताना तुझ्या सासूबाईंचा हात डब्याला लागला. डबा तापला होता. त्या मला म्हणाल्या, "याच्या अंगात ताप आहे." बाजाराला न्यावयाची भाजी आपण उन्हात ओल्या पोत्याखाली ठेवतो, त्यांनी त्याच विचाराने डबा उचलून कुलरच्या तोंडासमोर ठेवला, ओल्या वाळ्याची हवा थेट लागेल असा. मीही तो पाहिला आणि योग्यच केले असे मला वाटले. आपल्या बोअरचे पाणी किती खारे आहे हे भांड्यांवरून कळतेच. काही दिवसांत डब्याच्या जाळीवर पांढरा थर धरला, आणि एका सायंकाळी टीव्हीवर काहीच आले नाही.

स्वप्निलने तो उघडला तेव्हा आतमध्ये मीठ आणि गंज होता. एक डिस्क गेली, आणि दुसरी, जी तिची जोडीदार म्हणून शेजारीच बसवली होती, तीही गेली. शेजारी शेजारी ठेवलेली दोन मडकी एकाच ओलीने नासावीत, तसे झाले. तुझ्या सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. रडल्याही नाहीत, फक्त कुलर बंद केला आणि तेवढ्या उकाड्यात तशाच बसून राहिल्या. त्यांना अजूनपर्यंत घरात कोणी एका शब्दाने बोललेले नाही, तूही बोलू नकोस.

त्यानंतर स्वप्निल पहाटेच्या गाडीने अमरावतीस आला. सारे काही तुझ्या खोलीत सुरक्षित होते. त्याने सांगितले की डबा तू भिंतीपासून दूर, कोरड्या जागी ठेवला आहेस, वीज गेली तर चालावा म्हणून त्याला बॅटरी जोडली आहेस, आणि धूळ बसू नये म्हणून वरती आपल्या हाताने शिवलेली जाळीची टोपी आहे. तो नवीन डिस्कवर सर्व भरून घेऊन आला. सायंकाळी नितेशने पुन्हा फोन खाली ठेवावयास सांगितले. त्या वेळी तुझ्या सासूबाई रडल्या.

त्याच भेटीत स्वप्निलला तुझ्या आईने चहा देताना आणखी काही सांगितले. तो ते मला सांगावयास तयार नव्हता. मी वडील या नात्याने त्याला विचारले. एक स्थळ तू गेल्या दिवाळीनंतर परत पाठवलेस, दुसरे संक्रांतीला. आता तिसरे, परतवाड्याच्या देवानंदचे, आले आहे, आणि माणूस चांगला आहे असे तुझे वडील म्हणतात. तू नाही म्हटलेले नाहीस, होही म्हटलेले नाहीस. आईने फार विचारले तेव्हा डब्याकडे बोट दाखवून म्हणालीस, "हे घेऊन कोणाच्या घरी जाऊ? अन् हे सोडून कशी जाऊ?" तुझ्या आईला ते कळले नाही. मला कळले.

म्हणून मी तजवीज केली ती अशी. मागच्या सोमवारी स्वप्निलला बरोबर घेऊन मी धामणगावला गेलो आणि शकुनच्या घरी एक नवीन डबा बसवून आलो. तिच्या मुलाच्या दुकानामुळे घरी चांगले इंटरनेट आहे आणि पाणी खारे नाही. रोज येथील सर्व तेथे जाऊन पडते. कोणी तो डबा चोरला तरी आतील काही दिसू नये म्हणून तो कुलूपबंद आहे, आणि यावरून शकुनने मला चांगलेच ऐकवले. म्हणाली, "माह्याच भावाच्या पोराचे फोटो माह्याच घरात, अन् मलेच नाई दिसत? मी का चोर हाय का?" तिचे म्हणणे रास्त होते. पाहण्यापुरती परवानगी तिच्या नावाने काढून दिली, तेव्हा तिने नितेशचा बारशाचा, त्याने जुन्या अल्बमातून डब्यात चढवलेला फोटो शोधून काढला आणि पदराने स्क्रीन पुसून पुन्हा पाहिला. पासवर्ड मी येथे लिहीत नाही, पत्र कोणाच्याही हाती पडू शकते. नितेशने त्यात त्या वर्षीच्या चार सऱ्यांतील चार भाज्या ओळीने घातल्या होत्या, ते तुला आणि मला ठाऊक आहे.

बियाणे ठेवले म्हणजे ते उगवेलच असे नसते, म्हणून पेरणीपूर्वी मी ते ओल्या फडक्यात बांधून पाहतो. तसेच येथून मी दर पौर्णिमेला धामणगावच्या डब्यातील काही चित्रे उघडून पाहणार आहे. पौर्णिमेस अवकाश आहे, म्हणून पहिली वेळ आताच करून पाहिली. उघडली. येथील डबा आता देवघराच्या वरच्या फळीवर, कोरड्या जागी आहे. याप्रमाणे तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की डबा सांभाळला जाईल, आणि त्यासाठी तू अमरावतीच्या त्या खोलीत असण्याची गरज उरलेली नाही.

आणखी एक. नितेशने मला पाहण्याची आणि ठेवण्याची परवानगी दिली होती, पुसण्याची दिली नव्हती. माझ्या हातून चुकून काही जाईल म्हणून. तेव्हा मला ते लागले होते. पुसण्याची परवानगी त्याच्याखेरीज फक्त तुला होती. स्वप्निलने मला विचारले, वहिनीचे नाव आता काढावयाचे का. मी नाही म्हटले. त्यात तुझीही चित्रे आहेत, ती तुझी आहेत. ज्या घरी तू जाशील तेथे ती कोणाच्या डोळ्यांसमोर येऊ नयेत असे तुला वाटले, तर पुसून टाक. मला विचारू नकोस आणि नंतर सांगूही नकोस. फक्त जेवणाची ती एक चित्रफीत राहू दे.

आता हे पत्र मी ज्यासाठी लिहावयास बसलो ते लिहितो. धामणगावहून परत आल्यावर मी कोणाला न सांगता एसटीने परतवाड्यास जाऊन आलो. मुलीचा बाप जसा पाहावयास जातो तसा गेलो. देवानंदची संत्र्याची बाग पाहिली, मागचे भाजीचे वाफे पाहिले. ओळी सरळ आहेत. वाटसरू म्हणून मी पाणी मागितले, तर त्याने आधी खुर्ची दिली आणि मग पाणी, निघालो तर म्हणाला, "बसा नं काका, ऊन उतरू द्या." मी कोण ते सांगितले नाही. त्याच्या विहिरीचे पाणी गोड आहे. तू होकार द्यावास, अशी माझी इच्छा आहे. आणि हे सांगण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो. तुझ्या खोलीतील डबा न्यावयास रविवारी स्वप्निल येईल, तो त्याला दे. त्याच्या बदल्यात त्याच्याजवळ मी एक तुंबा पाठवीत आहे, आत आपल्या काटेरी वांग्याचे बी आहे. शकुननंतर या घरात मुलगी झाली नाही, म्हणून एक पूर्ण पिढी आपले बियाणे बाहेर गेले नाही आणि तुंबा फळीवर तसाच राहिला. तो तुझ्याबरोबर परतवाड्यास जाऊ दे. लग्नाला आम्ही दोघे येणार नाही. तुझ्या सासूबाईंना ते झेपणार नाही आणि मलाही नाही. परंतु बियाणे कधी ना कधी किडते, आणि ज्या वर्षी आपल्याकडील किडेल त्या वर्षी मी मूठभर मागावयास तुझ्या दारी येईन. त्या वेळी देवानंदला मी कोण ते सांगावे लागेल. तेथे गेल्यावर, मृग लागला की रोप टाक. पहिले चांगले फळ भाजीला तोडू नकोस, ते झाडावरच पिवळे होऊ दे.

तुझाच,
वामनराव