मटण सोडल्याचा खुलासा

मु. वरंध, बौद्धवाडी

आदरणीय शर्मिलाताईस,

धाकट्या बुद्धरत्नचा सविनय जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे मी घाबरून अर्धा झालोय.

माझा आजार तुला आणि माझ्या बायकोला, सरितेला सोडून कुणाला ठाऊक नव्हता. इतकी वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या बिनचूक घेतल्या, आणि आता महाडच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, विषाणू गप्प बसलाय, हृदय सांभाळा. (म्हणजे पुढच्या दाराला कुलूप घातलं, तर चोर मागच्या दारी उभा!) या आजाराच्या माणसाला हृदयाचा धोका जास्त, त्यात माझं कोलेस्टेरॉल वाढलेलं. गोळ्या चालूच ठेवा, मटण कमी करा, त्या जागी सोयाबीन खाऊन बघा, थोडाफार फायदा होतो, म्हणाल्या. थोडाफार! तेव्हापासून छातीत जरा धडधडलं की मी सरितेला विम्याचे कागद कुठे आहेत ते सांगतो. (तिला ते पाठ झालेत.) तिनं त्या सोयाबीनच्या वड्या चार मुठी भिजवल्या, तर फुगून पातेल्याबाहेर आल्या. चव म्हणशील तर मसाला लावलेला स्पंज. पण जिवाच्या भीतीनं माणूस काय खात नाही!

घोळ झाला तो शेजारच्या धम्मपालच्या घरभरणीला. वाढपी मटणाची बादली घेऊन आला आणि मी पानावर हात आडवा धरला. मी! ज्यानं नळीसाठी तुझ्याशी मारामाऱ्या केल्या तो! तिथून बातमी सुटली ती आंबेनळी घाट चढून तुझ्यापर्यंत आली असेल: बुद्धरत्ननं माळ घातली, देवाला लागला. बावीस प्रतिज्ञा घेतलेली आपली वाडी, तिथे हे म्हणजे काय, तुला सांगायला नको. लगेच विहारात बैठक लागली. आपले अध्यक्ष काशीरामआबा म्हणाले, "बुद्धा, गळा दाखव रे." सगळ्यांसमोर सदऱ्याची बटणं काढली. माळ नाही म्हटल्यावर मागून ठकूबाई म्हणाली, "मंग नवस केला आसंल." शेवटी सांगून टाकलं की हृदय नाजूक झालंय, डॉक्टरांनी मटण बंद केलंय. सगळे हळहळले, बैठक मोडली. दुसऱ्या दिवशी तीच ठकूबाई, ताकद यावी म्हणून, पायांचा रस्सा घेऊन दारात हजर! तेव्हा काळजीचं काही कारण नाही.

तुझा,
बुद्धरत्न

ता. क. – रश्श्याचं लिहिलं ते खोटं. ठकूबाई आलेली नाही. कुणीच आलेलं नाही. आबांनी "काय झालं रे हृदयाला?" असं इतक्या मायेनं विचारलं की माझ्या तोंडून सगळंच बाहेर पडलं, आजाराच्या नावासकट. एकेक जण उठून गेला.

आणखी ता. क. – येत्या रविवारी वाडीचं जेवण आहे. आबांनी निरोप धाडलाय, "बुद्धाच्या सोयाबीनची कढई येगळी ठेवलीय." ताई, ती माझ्या हृदयासाठी वेगळी की माझ्या आजारासाठी, मला कळत नाही आणि विचारायचा धीर होत नाही. एका पंगतीत जेवून हा आजार कुणाला होत नाही, हे तुला-मला माहीत आहे. त्यांना आहे की नाही, कोण जाणे. मला फार भीती वाटते गो. तू शनिवारीच ये. माझ्या शेजारी बस आणि सगळ्यांच्या देखत त्याच कढईतलं वाढून घे. तुला आवडायचं नाही, पण घे.