स्वच्छ केलेलं बाटिक

३ तारीख, सोमवार
ठराव: आजपासून रागावणं बंद. स्टुडिओच्या सरांनी सांगितलं, दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या क्लिनिकचं काम पास झालं की मी नोकरीत कायम. वेटिंग रूमचा वॉलपेपर आणि त्याच डिझाइनचे पडदे. आधाराला बाईंच्या मावशीचं जुनं इंडोनेशियन बाटिक, निळ्या-तपकिरी तिरक्या पट्ट्यांचं. सरांनी स्कॅन करून दिलं. पाहते तर सगळीकडे केसाएवढ्या रेघा. इतकं जपलेलं कापड आणि इतकं घाण. राग नाही आला. आश्चर्य वाटलं.

५ तारीख
रेघा पुसायला घेतल्या. मोठं करून, एकेक. शाळेत घालण्याआधी आत्याने मला घरीच शिकवलं. तेव्हाचा तिचा नियम: चूक दिसली की दुसऱ्याची वाट बघायची नाही. शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली म्हणते, सरांना विचारलंस का? डाग पुसायला परवानगी लागते का, असं मी तिला शांतपणे विचारलं. ती एवढी दचकली कशाला, देव जाणे.

१० तारीख, दुपारी १
प्रिंटवाले काका टेस्ट प्रिंट बघून म्हणाले, तू पुसतेयस त्या रेघा म्हणजे घाण नव्हे. कापडावर मेणाने नक्षी काढतात, मग रंगात बुडवतात. मेण तडकतं, भेगेतून रंग आत शिरतो. बाटिक ओळखायचं ते त्यावरूनच. तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं मशीनमध्ये कागद घालणारा माणूस मला डिझाइन शिकवणार! रागावले नाही. दार जरा जोरात लागलं, ते वाऱ्याने. स्टुडिओला खिडकी नाही, पण वारा कुठूनही येतो.

१२ तारीख
आत्याला सगळं सांगितलं. वाटलं, आपल्या बाजूने बोलेल. तिने विचारलं, काकांचं म्हणणं खरं आहे का ते बघितलंस का? मी ताटावरून उठले. भूकच नव्हती. पुढच्या अर्ध्या तासात लागली, तो भाग वेगळा.

१४ तारीख
संपलं. चौदाशे रेघा. मूळ स्कॅन दोन ठिकाणी होतं, दोन्हीकडून उडवलं. घाण जपून ठेवायची कशाला? कापडही गेलं. मावशी ते घेऊन परदेशी मुलाकडे राहायला गेल्या. आता कायम होणार म्हणजे होणारच.

१७ तारीख, सकाळी ११
बाईंनी रोल उलगडला. त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, लहानपणी मावशीच्या मांडीवर पडून मी बोटाने भेगा मोजायचे, त्या कुठे गेल्या? हे तर टेबलावर घालायचं प्लॅस्टिक वाटतंय. सरांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून निघून गेलं की प्रिंटिंगमध्ये काहीतरी गडबड झाली असेल. काका दारातच उभे होते. आत गेले आणि एक गुंडाळी घेऊन आले. मी पुसायला बसण्याआधी, रंग तपासायला काढलेला मूळ स्कॅनचा प्रिंट. फिकट, लहान, पण भेगा सगळ्या जागच्या जागी. बाईंचा चेहरा उजळला. माझ्यावर कोणीच ओरडलं नाही. याचाच भयंकर राग आला. म्हणजे आला नाही.

१८ तारीख
प्रोबेशन तीन महिने वाढलं. सर म्हणाले, फिकट प्रिंटवरून यंत्राला भेगा नीट पकडता येत नाहीत, तूच बघून काढ. जितक्या पुसल्यास तितक्या. काकांची माफी मागायचा ठराव केला.

१९ तारीख
काकांच्या मशीनशेजारीच टेबल दिलंय. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी पुढ्यात चहाचा कप सरकवला. माफी उद्यावर. सकाळपासून सात भेगा झाल्या. आठवी फार वाकडी आली. काका वाकून बघत म्हणाले, "राहू दे पोरी, ती तशीच असते."

पुसली.