दाराआड खाल्लेला पाव

आई, तुला वाकून नमस्कार. बाबांना जरा जास्त वाकून, नाहीतर रुसतील.

तुझ्या नातीचं, चिमणीचं पोट आता बरं आहे, काळजी करू नकोस. डॉक्टरांनी तिचा गहू बंद केलाय, म्हणून घरात सगळ्यांनाच भात, बटाटा आणि उकडलेला भोपळा. ती एकटी पडायला नको, असं मीच ठरवलं. तुझे जावईही मुकाट जेवतात.

तुझा गुडघा कसा आहे? बाबा फिरायला जातात ना?

खरं सांगू? आम्हा दोघांना राहवत नाही गं. ती खेळात रमली की आम्ही स्वयंपाकघराचं दार लावून, वेगळ्या तव्यावर लोणी लावून पाव भाजतो आणि उभ्या उभ्या खातो. मग खिडकी उघडतो, ओटा पुसतो, चुळा भरतो.

काल दारावर टकटक झाली. घास तोंडातच राहिला.

"आई, बाहेर बसून खा ना. डॉक्टरांनी वास घ्यायला कुठे नको म्हटलंय?"

मग तिला भात वाढून तिघं टेबलावर बसलो. तिने डोळे मिटून वास घेतला आणि भात संपवला. मी मात्र माझा पाव तसाच झाकून ठेवला.

तुझीच,
चोरटी लेक