पास्कल लागर, मांडवात

२ ऑक्टोबर २००५, रविवार
आजपासून लिहून ठेवतोय. उद्या पेपरवाले विचारतील, पास्कल लागर परत कशी उभी राहिली? तेव्हा तारखा हाताशी पाहिजेत.

घरात जाहीर केलं. बायको मार्गारेट म्हणाली, आज गांधी जयंती, ड्राय डे, आज तरी दारूची गोष्ट नको. माझं डोकंच फिरलं. याच दारूबंदीने माझ्या आजोबांचा कारखाना खाल्ला! पास्कल आजोबा बोटीवरची नोकरी सोडून आले, याच वाडीत, याच शेडमध्ये त्यांनी लागर बिअर काढली. आख्खी वसई प्यायची. मग बंदी आली आणि सगळं संपलं. वडील मरेपर्यंत हेच सांगत होते. आज त्या शेडमध्ये केळीचे घड आणि माझी बंद पडलेली स्कूटर.

संकल्प: जानेवारीत सॅन्ड्राचं लग्न. मांडवात फक्त पास्कल लागर. वाइनवाल्याची ऑर्डर रद्द. सॅन्ड्रा म्हणाली, डॅडी, प्लीज. मी त्याचा अर्थ हो असा घेतला.

आग्नेस आत्याला सांगितलं. पास्कल आजोबांची हीच एक लेक उरली आहे, चौऱ्याऐंशीची. तिने कारखाना डोळ्यांनी पाहिलेला. खूप वेळ हसली. आनंद झाला असणार.

५ ऑक्टोबर, बुधवार
दारूबंदी खात्यात परवान्याची चौकशी. साहेब म्हणाले, कारखाना काढा, मग या. म्हटलं, कारखाना आहेच, फक्त मध्ये साठ-सत्तर वर्षं बंद होता. त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. हेरिटेजची कदर नाही या देशात.

ठरलं. लग्नापुरती घरगुती ट्रायल. परवाना नंतर तेच घरी आणून देतील.

संकल्प: चिडायचं नाही. (जिन्यावरच मोडला. शिपायाने विनाकारण बघितलं.)

१६ ऑक्टोबर, रविवार
जव भिजवले, मोड आणले, गच्चीवर वाळत घातले. चर्चमध्ये मासला गेलो तेवढ्यात कबुतरं. अर्धे जव गेले. मार्गारेटला राखण करायला सांगितलं होतं. ती म्हणते, मासला दोघे बरोबरच गेलो होतो. प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार.

३० ऑक्टोबर, रविवार
पुतण्या रायन बोटीवरून सुट्टीवर आला. त्याने यीस्ट आणि हॉप्सची कडू फुलं आणली. आज पहिलं पिंप भरलं. माणिकपूरच्या बंद झालेल्या कोल्ड्रिंकच्या दुकानातला मोठा फ्रीज शेडमध्ये बसवला. लागर म्हणजे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही, महिना-दीड महिना थंडीत निजवून ठेवावी लागते. थंडी हाच तिचा प्राण. हे मी सगळ्यांना जेवताना समजावलं. रायन लवकर उठला.

५ नोव्हेंबर, शनिवार
लोडशेडिंग!! सकाळी गेली, दुपारी आली, पुन्हा गेली. फ्रीजला हात लावला तर कपाटासारखा. वीज कंपनीत फोन केला. म्हटलं, इथे ऐतिहासिक लागर निजली आहे. पलीकडून म्हणाले, आमची आई आजारी आहे, तिचाही पंखा बंद आहे. मी फोन आपटला. आपटलेला फोन आता वाजत नाही.

आजोबांच्या वेळी वीजच नव्हती, तरी जमत होतं. म्हणजे बर्फ.

६ नोव्हेंबर, रविवार
पाचूबंदरला गेलो. फर्डिनंड शाळेतला दोस्त, त्याच्या मासेमारीच्या दोन बोटी आहेत, बर्फाला तोटा नाही. तो म्हणाला, फेबियन, ह्यो मावऱ्याचा बरफ हाय, पिंपाच्या भायेरशी लाव, आत टाकू नको. मला शिकवतो! बाहेरून लावला तर वितळून फुकट जातो. सरळ आत टाकला. डोकं वापरावं लागतं.

२० नोव्हेंबर, रविवार
पिंपाला वास येतोय. थोडा बोंबलाचा. सॅन्ड्रा नाक धरून शेडबाहेर गेली. मी विचार केला. वसईची लागर आहे, समुद्र जवळ आहे, तिला समुद्राचा वास नको? लेबलवर हेच लिहायचं: दर्याची चव.

लेबलं छापून आली. मध्यभागी आजोबांचा मिशांचा फोटो. मिशा जरा हिरव्या छापल्यात. प्रेसवाल्याशी भांडलो. आता ते आपल्याकडे काम घेणार नाहीत. ठीक आहे, मलाच द्यायचं नव्हतं.

४ डिसेंबर, रविवार
शेजारच्या प्लासिडकडे साखरपुडा. लोक काय पीत होते? ताडी! रमेश माडीवाल्याची ताडी. आम्ही लहानपणापासून त्याच्याच बापाची ताडी बघत आलो. सायकलला मडकी बांधून येतो, आणि शिकलेली माणसं ग्लास घेऊन त्याच्यामागे धावतात. माझ्या लागरबद्दल सांगायला लागलो तर प्लासिड म्हणाला, हो हो, लग्नात बघू, आणि ग्लास भरून घेतला.

ही ताडी आहे तोवर वसईला लागरची चव कळणार नाही. घरी येऊन तक्रार लिहिली. आरोग्यास घातक, वगैरे. खाली सही: एक जागरूक नागरिक. नाव मुद्दाम घातलं नाही. मोठेपणा नको.

१० डिसेंबर, शनिवार
काम फत्ते. दारूबंदी खात्याची गाडी आली, रमेशची मडकी फोडली, त्याला दम भरला. सरकार कधीतरी कामाचं निघतं.

पण जाताना त्यांना कोणीतरी माझी शेड दाखवली. (प्लासिड. दुसरा कोण?) साहेबांनी पिंप उघडलं. मी छाती पुढे काढून उभा. म्हटलं, करा जप्त, आजोबांचा कारखानाही असाच गेला. त्यांनी पळीभर घेतली, तोंडात फिरवली, केळीच्या बुंध्यात थुंकली, आत्याकडे चूळ भरायला पाणी मागितलं. मग म्हणाले, याच्यावर केस होणार नाही, ही दारू म्हणता येत नाही.

इतका अपमान पास्कल घराण्याचा आजवर झाला नव्हता. आत्या तोंडाला पदर लावून आत गेली. तिला सहन झालं नसणार.

२६ डिसेंबर, सोमवार
नाताळला फर्डिनंडला पहिली बाटली दिली. एक घोट घेतला आणि बाटली लांब धरून लेबल वाचायला लागला. मग म्हणाला, पानी दे रे.

पहिल्या घोटाची जरब असते. लग्नाच्या बाटल्या आजच भरल्या.

१४ जानेवारी २००६, शनिवार
उद्या लग्न. घरात बायकाच बायका, परातीच पराती. संध्याकाळी फुग्यांचं, म्हणजे आमच्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ भिजवायला बसल्या आणि मार्गारेटने विचारलं, ताडी कुठाय?

आता हे मला कसं माहीत असणार, की फुगे फुगायला पिठात ताडी लागते? म्हणजे माहीत होतं. जन्मापासून खातोय. पण तक्रार लिहिताना डोक्यात फुगे नव्हते, तत्त्व होतं.

रमेशकडे माणूस पाठवला. तो म्हणाला, मडकी नाहीत. जूचंद्रला पाठवला. तिथलेही घाबरून बंद. कोणा जागरूक नागरिकाने तक्रार केली म्हणे. मार्गारेटने माझ्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांचा संसार आहे, तिला सही लागत नाही. सगळ्या बायकांसमोर म्हणाली, लेकीच्या लग्नात पाहुण्यांना काय दगड वाढू? सॅन्ड्रा रडायला लागली. मला भयंकर राग आला. कोणाचा ते अजून ठरलेलं नाही.

मग आत्या उठली. काठी टेकत शेडमध्ये गेली, रिकाम्या पिंपाच्या तळाचा राखाडी गाळ पातेल्यात काढून आणला. तीन-चार पाण्यांनी धुतला, चाखला, पुन्हा धुतला, आणि पिठात ओतला. मी ओरडलो, ते यीस्ट पुढच्या बॅचचं आहे! कोणी ऐकलं नाही.

१६ जानेवारी, सोमवार
लग्न छान झालं असं लोक म्हणतात.

फुगे असे टम्म फुगले होते की वाढणाऱ्यांच्या हातून उडतील. तीनदा तळावे लागले. नवऱ्याकडची माणसं रुमालात बांधून घेऊन गेली. इंद्यालच्या रश्श्याबरोबर, नुसते, चहाबरोबरसुद्धा.

लागरबद्दल फक्त एवढंच लिहितो की मांडवाच्या कडेला सहा माड आहेत आणि सहाही माडांच्या आळ्यात आज फेस आहे. प्लासिडने व्याह्यांसाठी कुठून तरी वाइन आणली. मला विचारलंही नाही. लोकांना सवय नाही, एवढंच. दुसऱ्या बॅचला हॉप्स कमी करेन.

१९ जानेवारी, गुरुवार
सकाळपासून मागच्या दाराला बायका. हातात भांडी. मला वाटलं पहिलीला लागर पाहिजे, मी बाटली पुढे केली. ती म्हणाली, हे नको, खालचं आहे का? पुढच्या आठवड्यात तिच्याकडे पोरीच्या कम्युनियनचं जेवण आहे, फुगे करायचेत. दुसरी तेच. तिसरी नंदाखालहून आली होती.

मी आत्यासमोर जाऊन बसलो. म्हटलं, आजोबा असते तर या बायकांना हाकलून दिलं असतं. आत्या म्हणाली, तवाबी ह्याच दारात उभ्या रायाच्या. आमी पोरी पातेली धरायचो, तुजा आजा पळीने घालायचा. शिव्या देत. ह्याच शिव्या.

म्हटलं, आणि लागर? आख्खी वसई प्यायची ना? ती म्हणाली, कोन प्यायला बसलाय रे. तुजा आजा प्यायचा, रोज एक, रागाने. बंदी यायच्या आधीच दमला नि सोडून दिलं. तुज्या बापाला सांगवलं नाय.

मी विचारलं, मग मला ऑक्टोबरमध्येच का नाही सांगितलंस? म्हणाली, तू इचारलंस कवा? तू सांगत होतास.

दुपारी मागच्या ओट्यावर बसून एक बाटली उघडली. आजवर पूर्ण बाटली मी कधी प्यालो नव्हतो, चाखायचो फक्त. पूर्ण प्यालो. वाईट आहे. आजोबांच्या मिशांकडे बघवेना.

२६ जानेवारी, गुरुवार
रमेशला नवी मडकी घेऊन दिली. मार्गारेटने द्यायला लावली. तो म्हणाला, शेट, ताडी परत सुरू झाली तरी बाया तुमच्याकडेच येनार, तुमचं जास्त फुगतं. मला हे ऐकून बरं वाटलं, याचाही राग आला.

नवं पिंप भरायचं होतं. सकाळी मार्गारेटला म्हटलं, आज प्रजासत्ताक दिन, ड्राय डे, आज तरी पिंपाला हात नको. ती म्हणाली, आपल्याला ड्राय डे कशाला लागू होईल? आपण दारू कुठे करतो?

मागच्या दाराशी दोघीजणी पातेली घेऊन उभ्या होत्या. पळी शोधायला गेलो.