सीडरच्या दलदलीतल्या जागेबाबत, माझ्या पश्चात

मी, रूबेन मात्तिला, वय सव्वीस, राहणार रायटोला वस्ती, उत्तर मिशिगन, काम लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावण्याचे, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, आणि ती येत्या गुरुवारी शहरातल्या रुग्णालयात बदलायची आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणाले. पण ते त्यांनी दोनदा सांगितले, म्हणून हे लिहून ठेवतो. मला कोणी लिहायला लावलेले नाही. उलट माझी ताई काइसा म्हणाली, "तू सगळ्यांना पोचवून मग जाणार आहेस, गप झोप." याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

शाळा मी अकरावीत सोडली. कायद्याचा शब्द चुकला असेल तर अर्थ धरावा.

कलम १. माझी व्यवस्था पाहण्याचे काम काइसाने करावे. ती नको म्हणेल, पण तिनेच करावे. घराच्या किल्ल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, दाराआड वरच्या खिळ्याला आहेत. खालच्या खिळ्याची किल्ली कशाची आहे ते मला माहीत नाही, ती टाकू नये.

कलम २. हे घर आजोबांचे, उर्हो मात्तिला यांचे आहे, माझे नाही. माझ्या नावावर फक्त ट्रक, एक रायफल, हत्यारे आणि बँकेतली शिल्लक आहे. शिल्लक आधी रुग्णालयाकडे जाईल. उरले तर काइसाचे. ट्रकही काइसाचा. त्याचा उजवा दरवाजा आतून उघडत नाही, हे तिने नव्या माणसाला बसण्याआधी सांगावे, बसल्यावर नको.

कलम ३. कानशी, धार लावण्याचा दगड आणि करवतीचा शिकंजा गिरणीतल्या माझ्या जागी जो येईल त्याला द्यावा. तो कोण असेल मला माहीत नाही. कानस पुढे ढकलताना दाबावी, मागे ओढताना उचलावी, एवढे त्याला सांगावे. न सांगता कोणाला हत्यार देऊ नये.

कलम ४. हे कलम मोठे आहे. याचा देण्याघेण्याशी थेट संबंध नाही, पण याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत.

आमच्या भागात नवा माणूस राहायला आला आणि त्याने हरणासाठी कुठे बसावे असे विचारले, की त्याला खडीच्या खाणीमागे पाठवायचे अशी पद्धत आहे. खाणीमागे साळिंदरे सोडून काही नाही. नवा माणूस आठवडाभर गारठतो, मग एक तर शिकार सोडतो किंवा स्वतःच्या पायांनी जंगल शिकतो. शिकला की तो आमच्यातला. ही पद्धत कोणी घातली ठाऊक नाही. वेन सोर्व्हालाच्या दुकानातल्या शेगडीभोवती ती चालते, आणि तिथे बसणारे सगळे गंभीर चेहरा ठेवून ती पाळतात.

तीन वर्षांपूर्वी डेरेक हॅलोरन शिकागोकडून इथे राहायला आला. त्यालाही खाणीमागे पाठवले. तो गेला. रोज संध्याकाळी बर्फाने भिजून दुकानात यायचा आणि आज काही दिसले नाही, पण जागा छान आहे, असे म्हणून सगळ्यांचे आभार मानायचा. वेन त्याला सांगायचा, "वारा फिरू दे, मग बघ." मागे कोणी तरी खोकायचे. चौथ्या दिवशी त्याने सगळ्यांसाठी घरून बिस्किटे करून आणली. शेगडीभोवती बसून सगळ्यांनी ती खाल्ली. माझ्याच्याने खाववली नाहीत.

मी त्याला बाहेर गाठून खरी जागा सांगितली. नुसती सांगितली नाही, घेऊन गेलो. लाकूड वाहणाऱ्या जुन्या रेल्वेच्या बांधावरून आत, जिथे सीडरच्या झाडांची दलदल सुरू होते आणि हरणांची वाट दोन पाण्यांच्या मधून येते. आजोबा तिथे बारा वर्षांचे असल्यापासून बसतात. बांध सपाट आहे, म्हणून गुडघे गेल्यानंतरही त्यांना तिथवर जाता येत होते. दुसऱ्या कुठल्याही जागी त्यांना जाता येत नव्हते.

जाण्याआधी मी डेरेकला नियम सांगितला. ज्याने जागा दाखवली त्याला विचारल्याशिवाय तिथे बसायचे नाही, तिसऱ्याला आणायचे नाही, आणि पहिल्या हरणाचा पुढचा पाय दाखवणाऱ्याच्या घरी पोचवायचा. तो म्हणाला, "एवढंच? मी तर काहीही दिलं असतं." त्या हंगामात त्याने नर मारला आणि पुढचा पाय स्वच्छ कागदात बांधून स्वतः आणून दिला. आजोबांनी तो शिजवला, त्याला जेवायला बसवले आणि सौनाही तापवला. म्हणजे नियम त्याला कळला नव्हता असे कोणी म्हणू नये. त्याला तो चांगला कळला होता.

ती जमीन आमची कधीच नव्हती. एका लाकूड कंपनीची होती, आणि कंपनीच्या रानात शिकारीला कोणालाही मुभा असते. तिचा मालक कोण हे शोधण्याची गरज आमच्या घरात कोणाला पडली नाही. डेरेकला पडली. गेल्या वर्षी त्याने दलदल, बांध आणि त्यामागचे रान मिळून चाळीस एकर विकत घेतले.

आम्हाला ते पाटीवरून कळले. हंगामाच्या पहिल्या सकाळी मी आजोबांना घेऊन गेलो तर बांधाच्या तोंडाशी साखळी आणि नारिंगी पाटी: खासगी मालमत्ता, आत येऊ नये, खाली डेरेकची सही. आजोबांनी ती वाचली, ट्रकच्या मागच्या फळीवर बसले आणि म्हणाले, "कुणाला सांगितलं होतंस?" मी नाव सांगितले. जेवायला बसवलेला माणूस त्यांना आठवत होताच. ते म्हणाले, "मग आता मी बसायचं कुठं, तेही त्यालाच विचार."

मी खरोखरच विचारायला गेलो. डेरेक दारात कॉफी घेऊन आला. रागावला नाही, लाजलाही नाही. म्हणाला, "अरे रूबेन, तुला कधीच नाही म्हणणार नाही मी. फक्त आधी मेसेज टाकत जा. आजोबांनाही आण, पण मला कळवून. ते पडले-बिडले तर विम्याची भानगड होते."

मी म्हणालो, "ते सत्तर वर्षांत तिथं पडलेले नाहीत."

तो म्हणाला, "तेव्हा जागा माझी नव्हती ना."

कायद्याने त्याचे काही चुकलेले नाही. मी काउंटीच्या कचेरीत जाऊन विचारले, तिथल्या बाईंनीही तेच सांगितले. म्हणूनच हे इथे लिहीत आहे. दुसरीकडे कुठे लिहिता येईल अशी ही तक्रार नाही.

कलम ५. वेन सोर्व्हाला याने, मी ती जागा डेरेकला पैसे घेऊन विकली असे दुकानात सांगितले. ज्याची नव्हती ती गोष्ट मी कशी विकणार, हे त्याला कोणी विचारले नाही. खाणीमागे पाठवणारे ते सगळे शहाणे ठरले, आणि खरे बोलणारा मी घरभेद्या. शेगडीजवळच्या ज्या खुर्चीवर मी बसायचो ती मी वेनला परत देत आहे. मार्चपासून तिच्यावर बसलेलो नाही. माझ्या अंत्यविधीला तो आला तर त्याला कॉफी आणि वेलदोड्याचा पाव द्यावा, पण शवपेटी उचलायला हात लावू देऊ नये.

आजोबांनी वेनवर विश्वास ठेवला की नाही हे मला माहीत नाही. त्या सकाळपासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. आम्ही एकाच टेबलावर जेवतो. ते काइसाला सांगतात, "त्याला म्हणावं लाकडं ओली आहेत," आणि मी समोर असतो. काइसा मला म्हणते, "लाकडं ओली आहेत." मी तिला सांगतो की वाळलेली मागच्या बाजूला आहेत. ती म्हणते की आम्हा दोघांचे निरोप पोचवल्याबद्दल ती एक दिवस टपाल खात्याकडून पगार मागणार आहे.

कलम ६. रायफल काइसाची. तिचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी तिला जिवंतपणी सांगितलेले नाही.

कलम ७. आता मुख्य गोष्ट. या उन्हाळ्यात मी दुसरी जागा शोधली आहे. ती कुठे आहे हे लिहीत नाही, कारण मृत्युपत्र कोर्टात गेले की ते कोणालाही वाचता येते. नकाशाही काढलेला नाही. काइसाला मी तिथे चालवत नेले आहे आणि दुसऱ्या वेळी तिला पुढे ठेवून मी मागे चाललो आहे, म्हणजे तिला वाट पाठ आहे याची खात्री झाली. ट्रक थांबतो तिथून ती जवळ आहे आणि वाटेत चढ नाही. रान राज्याचे आहे, विकत मिळत नाही. मी दोन वेगवेगळ्या माणसांना विचारून घेतले.

राज्याच्या रानात बांधकाम ठेवता येत नाही, म्हणून मी घडीची बैठक केली आहे. ॲश झाडाच्या लाकडाची, पाठीला टेकू असलेली. डावा हात उंच आहे, कारण आजोबा डाव्या हातावर भार देऊन उठतात. खाली सपाट पट्ट्या आहेत, बर्फावरून ओढत नेता येते. ती शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. ही बैठक मी आजोबांना देत आहे. पंधरा नोव्हेंबरला, हंगामाच्या पहिल्या दिवशी, उजाडायच्या आत, काइसाने त्यांना तिथे न्यावे. मी शस्त्रक्रियेतून वाचलो तरी अंथरुणावर असेन, म्हणून हे कलम मी जिवंत असलो तरी लागू धरावे. त्यांचे वय चौऱ्याऐंशी आहे. हा हंगाम चुकू नये.

बैठक कोणी केली असे त्यांनी विचारले तर खरे सांगावे. ऐकून ते उठले आणि घरी चला म्हणाले तर घरी आणावे. समजूत घालू नये.

कलम ८. डेरेक हॅलोरन याला माझ्याकडून काही नाही. तरी त्याच्याबद्दल सूचना आहे.

त्याने तिथे बांधलेल्या मचाणावरून लांबवर दिसावे म्हणून दलदलीच्या तोंडाचे सीडर तोडले. हिवाळ्यात हरणे सीडर खाऊन आणि सीडरच्या आडोशाला राहून जगतात. झाडे गेली, हरणे गेली. गेल्या आठवड्यात तो आमच्या अंगणात आला आणि म्हणाला, "रानात लावलेल्या कॅमेऱ्यात एक हरीण नाही रे. तुला माहीत असणार, कुठं गेली ती?" अगदी पहिल्या वर्षी विचारायचा तसेच, मोकळेपणाने विचारले. आपण काय केले हे त्याला खरेच दिसत नाही, असे मला वाटते, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो. मी म्हणालो की मला दवाखान्यात जायचे आहे. जायचे होतेच.

हरणे कुठे गेली मला माहीत आहे. बैठक त्यांच्याच वाटेवर लागणार आहे.

माझ्या मागे तो पुन्हा येईल. त्याला खोटी जागा सांगू नये. खरीही सांगू नये. काइसाने त्याला आत घ्यावे, बसवावे आणि स्पष्ट म्हणावे की रूबेनला ठाऊक होते, आणि तुम्हाला सांगू नका असे त्याने लिहून ठेवले आहे. मग तो काय म्हणतो ते ऐकून घ्यावे. ते ऐकायला मी नसेन, याचे मला वाईट वाटते.

पण त्याच्यानंतर जो कोणी नवा माणूस वस्तीत येईल आणि विचारेल, त्याच्याबद्दल मी काही ठरवू शकलेलो नाही. या ओळीवर सकाळपासून थांबलो आहे. ते काइसाने ठरवावे.

कलम ९. मला आजीशेजारी पुरावे. गाणी कमी म्हणावीत.

सहीआधीची नोंद. साक्षीदार म्हणून शेजारच्या लिलियन कुओप्पाला आणि चर्चचे पाद्री यायचे होते. बर्फामुळे पाद्र्यांची गाडी वळणावर अडकली. लिलियनबाई आल्या. दुसरा साक्षीदार आज मिळणार नाही, आणि उद्या आम्हाला शहराकडे निघायचे आहे, असे मी काइसाला सांगत होतो. आजोबा खिडकीशी बसले होते. ते काइसाला म्हणाले, "त्याला म्हणावं, वाचून दाखव." मी म्हणालो की साक्षीदाराने मजकूर ऐकायची गरज नसते, आणि ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. काइसाने माझ्या हातातून कागद घेतले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले. चौथे कलम वाचताना ती मध्ये थांबली नाही. सातवे वाचताना थांबली.

आजोबांनी विचारले की त्या बैठकीवरचे त्यांचे नाव खोडले तर साक्षीदार म्हणून त्यांची सही चालेल का. लिलियनबाई म्हणाल्या, "चालायला हवी."

म्हणून सर्वांसमोर कलम ७ मधले आजोबांचे नाव खोडून तिथे काइसाचे लिहिले आहे. खोडाखोड माझीच आहे, रेघेखालचे नाव वाचता येते, बाजूला आद्याक्षरे केली आहेत. बैठक काइसाची. तिने तिच्यावर कोणाला बसवावे हा तिचा प्रश्न आहे. पंधरा तारखेची सूचना मी बदलली नाही, आणि ती बदल असे कोणी म्हणाले नाही.

मग आजोबा उठून टेबलाशी आले आणि मला म्हणाले, "सरक जरा, उजेड अडतोय."

मी सरकलो.

मृत्युपत्र करणार: रूबेन मात्तिला (सही)

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली:
१. लिलियन कुओप्पाला (सही)
२. उर्हो मात्तिला (सही)

स्थळ: रायटोला वस्ती, मात्तिलांचे स्वयंपाकघर
दिनांक: ४ नोव्हेंबर २०२३