वांग्यांतला निशिगंध

ठाकुर्ली, ऑगस्ट १९५४

प्रिय शरयूवहिनी,

दादा गेल्यानंतर तुम्ही परसात वांग्यांच्या ओळींमधून निशिगंधाचे कंद लावलेत. "वांगी घरासाठी, हे आपल्यासाठी," असं मला हळूच म्हणालात. संध्याकाळी वांगी तोडायला गेलं की आपण दोघी तिथं उगाचच रेंगाळायचो. एकदा तुम्ही एक फूल केसांत खोवलंत आणि लाजून हसलात.

विधवेनं फूल माळलं, हे बाबांना मीच जाऊन सांगितलं. त्यांनी सगळे कंद उपटून टाकले. तुम्ही कुणालाही दोष न देता माहेरी आंबिवलीला निघून गेलात. निघताना माझी वेणी मात्र घालून दिलीत.

मी चौदा वर्षांची होते, पण कळत होतं मला.

हे पत्र टाकणार नाही. रविवारी स्वतः येऊन सांगते. मग दार लावून घेतलंत तरी चालेल.

तुमची नणंद,
सरोज